त्यांचा वेगळा क्लब कशाला?



आज विषय थोडा वेगळा आहे, फुटबॉलचा. लगेच हसू नका. माझं माहेर कोल्हापुरातल्या पेठेतलं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्या बोळातली निम्मी पुरुषमंडळी दुपारपासून गायब व्हायची. कुठल्या तालमीचा संघ जिंकला हे संध्याकाळी गल्लीतल्या आरड्याओरड्यावरून कळायचं. आमच्या अव्वांचा मात्र बॉलला सक्त विरोध. बॉल चामड्याचा, म्हणून तो उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. परसातल्या न्हाणीच्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथं त्याचा मुक्काम. चातुर्मासात तर ओल्या गवतावर पळायचंच नाही, किती जीव मरतात म्हणून. भाऊ पळायचे ते पळायचेच, पण घरी आल्यावर पाय धुताना मान खाली असायची. आता बॉल चामड्याचे राहिले नाहीत. तरी माझ्या घरी अजूनही बॉल बाहेरच असतो. सवय.

सांगायचं आहे ते माझ्या भाच्याबद्दल, आक्काच्या मुलाबद्दल. त्याला आणि आक्काला वाचून दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच हे लिहिते आहे. नाव लिहीत नाही.

हा पोरगा लहानपणापासून फुटबॉलवेडा. एका पेठेच्या संघात खेळायचा, चांगलं खेळायचा. एकोणिसाव्या वर्षी एकदम बंद केलं. आम्हाला सांगितलं, इंजिनिअरिंगचा अभ्यास झेपत नाही. आम्हाला पटलं, उलट बरंच वाटलं. पुढे नोकरीसाठी लंडनला गेला, तिथंच रमला. मागच्या वर्षी महावीर जयंती झाली आणि मी महिनाभर त्याच्याकडे गेले. एका शुक्रवारी रात्री मी मेथी निवडत बसले होते. तो म्हणाला, "मावशी, रविवारी मॅच आहे माझी. येणार काय? पण आधी एक सांगायचंय. आमचा क्लब गे पोरांचा आहे. मी पण त्यातलाच."

तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "आक्काला माहीत आहे?"

पोरगा जीव मुठीत धरून सांगत होता आणि मला पहिल्यांदा काळजी वाटली ती आक्काला काय वाटेल, लोक काय म्हणतील याची. तो म्हणाला, "दोन वर्षं झाली आईला सांगून."

दोन वर्षं! आक्का आणि मी एक दिवसाआड फोनवर बोलतो. कुणाच्या घरी लोणचं खराब झालं इथपासून सगळं बोलतो. आणि एवढी गोष्ट तिनं एकटीनं पोटात ठेवली होती. मी परत आल्यावर तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "तू त्या सिरियलमधल्या नटाबद्दल काय बोलली होतीस आठवतं का? सगळ्याजणी हसला होता. मीही हसले होते." मला आठवत नव्हतं. तिला शब्दन् शब्द आठवत होता.

तर रविवारी मी गेले. पूर्व लंडनमध्ये हॅकनी मार्शेस नावाचं मैदान आहे. मैदान कसलं, माळच. एकाला एक लागून कितीतरी फुटबॉलची मैदानं आखलेली आणि प्रत्येकावर हौशी संघांची मॅच चालू. बोचरा वारा. माझ्या अंगावर भाच्याचा जाडजूड कोट आणि खाली साडी. कुणी ढुंकून पाहिलं नाही. भाच्याच्या संघात एक शिक्षक, एक बसचालक, दोन कॉम्प्युटरवाले आणि एक नर्स म्हणून काम करणारा. समोरचा संघ साधासुधा, कुठल्यातरी मोहल्ल्यातला. पंचांनी शिट्टी वाजवली, खेळ सुरू झाला. मी काय वेगळं बघायला मिळेल म्हणून ताठ बसले होते कुणास ठाऊक. वेगळं काहीच नव्हतं. घसरत होते, चिखलात पडत होते, ऑफसाइडवरून भांडत होते. भाचा डाव्या बाजूनं पळायला लागला आणि मला एकदम आमचा धाकटा भाऊ दिसला. तसंच अंग वाकवून पळणं.

हरले ते. दोन गोलनी हरले. मॅचनंतर दोन्ही संघांनी हात मिळवले आणि सगळे एकाच ठिकाणी खायला गेले.

इथं आल्यावर मी हे स्वाध्यायाला येणाऱ्या आमच्या चौघी-पाचजणींत हळूच सांगितलं. कुणी नाक मुरडलं नाही, हे आधी सांगते. पण एकीनं विचारलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या: "राहू देत की जसे आहेत तसे, आपलं काही म्हणणं नाही. पण मग त्यांचा वेगळा क्लब कशाला? सगळ्यांसारखं वागवा म्हणायचं आणि परत वेगळी चूल मांडायची?"

प्रश्न वाईट मनानं विचारलेला नव्हता, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

आधी लंडनचंच सांगते. तिथं स्टोनवॉल एफसी नावाचा क्लब आहे. १९९१ साली निघाला, ब्रिटनमधला पहिला गे फुटबॉल क्लब म्हणून ओळखला जातो. न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल नावाच्या बारवर १९६९ साली पोलिसांनी धाड घातली, तेव्हा तिथल्या गे मंडळींनी मार खाण्याऐवजी उभं राहायचं ठरवलं. तेच नाव क्लबानं घेतलं. क्लब सुरू करणाऱ्यांत ॲस्ली पिटर हे एक. ते आधी एका साध्या हौशी संघात खेळायचे. ते गे आहेत हे कळल्यावर त्यांना वरच्या संघातून खालच्या संघात ढकललं गेलं. खेळ तोच, पाय तेच, माणूस तोच. पुढे याच कामासाठी पिटर यांना ब्रिटिश सरकारचा एमबीई हा किताब मिळाला.

आता लक्षात घ्या, या क्लबानं स्वतःची वेगळी लीग काढून दार लावून घेतलं नाही. तो मिडलसेक्स काउंटीच्या नेहमीच्या लीगमध्ये खेळतो, सगळ्यांसारखाच, सगळ्यांशी. गे नसलेले खेळाडूसुद्धा त्या संघात असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांचा लीगमधला एक सामना चक्क वेम्बली स्टेडियमवर झाला, जिथं इंग्लंडचा राष्ट्रीय संघ खेळतो. म्हणजे चूल वेगळी असेल, पण पंगत सगळ्यांबरोबर.

मग चूल तरी वेगळी कशाला? हे मी भाच्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मैदानावर नाही गं काही त्रास. त्रास कपडे बदलायच्या खोलीत." आणि मग त्यानं सांगितलं, कोल्हापुरात खेळणं का सोडलं ते. कुणी मारलं नाही, हाकललं नाही. कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. पण पास चुकला की एक शब्द, गोल हुकला की तोच शब्द, दुखापत होऊन बाहेर बसलं तरी तोच. "बायल्या." आणि त्याहून घाण बरेच, ते मी लिहीत नाही. ते शब्द त्याला उद्देशून नव्हते, सगळ्यांना सगळे म्हणायचे, हसत म्हणायचे. हा एकटाच प्रत्येक वेळी आतून दचकायचा. अभ्यास झेपत नाही ही थाप होती. झेपत नव्हती ती ती खोली.

"बायल्या" या शब्दावर मी बरेच दिवस विचार केला. बायल्या म्हणजे बाईसारखा. म्हणजे शिवी मुळात कुणाला आहे? आपल्यालाच की. पुरुषाला कमी लेखायचं तर त्याला आपल्यासारखं म्हणायचं. आणि आपण आया, मावश्या, काकवा हा शब्द रडणाऱ्या मुलाला सर्रास वापरतो, "काय बायल्यासारखा रडतोस" म्हणून. मीही वापरलाय. याच भाच्याला वापरलाय, त्याचा गुडघा फुटला होता तेव्हा.

फुटबॉलनं आपल्यालाही दाराबाहेर ठेवलं होतं, हे मला भाच्यानंच सांगितलं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या आणि फुटबॉल खेळायला लागल्या. प्रेस्टनमधल्या डिक, कर या कारखान्यातल्या मुलींचा संघ इतका गाजला की १९२० च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलमध्ये त्यांची मॅच बघायला पन्नास हजारांवर माणसं आली. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. कारण काय, तर हा खेळ बायकांना शोभत नाही. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. पन्नास वर्षं! त्या काळात ज्या बायका खेळल्या, त्या आपापले संघ काढून, मिळेल त्या मैदानावर खेळल्या. त्यांना कुणी विचारलं असेल का, वेगळी चूल कशाला म्हणून? विचारलं असेलच.

पण इंग्लंड कशाला, आपल्या घरचंच बघू. माझ्या वडिलांचं शिक्षण कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगात राहून झालं. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली हे बोर्डिंग निघालं. खेड्यातून आलेल्या जैन मुलांना शहरात सूर्यास्ताआधी जेवण कोण देणार? कांदा-लसूण, कंदमूळ नसलेला स्वयंपाक कोण करणार? पाणी गाळून कोण देणार? दर घासाला "मी हे खात नाही, मी असं का करतो" हे समजावत बसलं तर पोरगं अभ्यास कधी करणार? म्हणून आपल्या लोकांनी आपलं घर काढलं. मुलं राहायला तिथं, पण शाळेला सगळ्यांबरोबर, परीक्षेला सगळ्यांबरोबर. याला आपण फुटून निघणं म्हणालो नाही. अभिमानानं सांगतो आपण, आमचं बोर्डिंग म्हणून.

भाच्याचा क्लब म्हणजे त्याचं बोर्डिंग आहे. तिथं त्याला दर घासाला समजावत बसावं लागत नाही. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, शनिवार-रविवारी कुणाबरोबर होतास, की तो अजूनही क्षणभर विचार करून उत्तर देतो. क्लबात तो क्षण नसतो. एवढंच. पण त्या एवढ्याशा क्षणाचं ओझं किती असतं, ते ज्यानं उचललं त्यालाच माहीत. किंवा दोन वर्षं उचलणाऱ्या त्याच्या आईला.

बोर्डिंगचा विषय निघालाच आहे तर त्याच बोर्डिंगातली दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर सोयीचं तेवढं सांगितल्यासारखं होईल. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना तिथंच राहत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या एका समारंभाला ते जाऊन आले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ करून मगच जेवायला बस. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. आपल्याच घरानं आपल्याच मुलाला बाहेर काढलं. पुढे त्याच माणसानं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. आज आपण त्यांच्या नावानं कॉलर ताठ करतो. पण ज्या दिवशी तो पोरगा पिशवी घेऊन बाहेर पडला असेल, त्या दिवशी कोण कोण गप्प बसलं असेल, हा विचार मला अलीकडे वारंवार येतो.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात असेल, आपला धर्म काय म्हणतो? मी पंडिता नाही, शास्त्र सांगायला बसलेली नाही. पण पाठशाळेत नऊ नोकषाय पाठ केलेत की नाही आपण? हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद: स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद. शरीराची घडण म्हणजे द्रव्यवेद आणि आतली ओढ म्हणजे भाववेद, आणि हे दोन्ही जुळतीलच असं नाही, हे आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मी लहानपणी पोपटासारखं म्हटलं होतं, अर्थ कुठला कळायला. आता परत वाचताना लक्षात आलं की तिन्ही वेद मोहनीय कर्माचेच. म्हणजे माझी ह्यांच्यावरची ओढ आणि भाच्याची त्याच्या जोडीदारावरची ओढ, दोन्ही एकाच खात्यात. मोक्षमार्गावर दोन्ही सोडायच्याच आहेत. पण मी तीस वर्षं संसार करून अजून सोडलेली नाही, मग त्यानं मात्र उद्यापासून सोडावी हे मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि त्या यादीत जुगुप्सा, म्हणजे किळस, हाही कषायच आहे. तो कुणाच्या खात्यात जमा होतो?

भाषासमिती मुनींसाठी असते हे खरं. पण आपण पाणी गाळतो, पीठ चाळतो, पालेभाजी पान पान बघून निवडतो. तोंडातून जाणारा शब्द मात्र तसाच, न निवडता. कुणी म्हणेल, विनोदानं मरतं का कुणी. जस्टिन फॅशनू नावाचा इंग्लंडमधला खेळाडू होता. १९८१ साली त्याच्यासाठी एका क्लबानं दहा लाख पाउंड मोजले होते. १९९० साली त्यानं आपण गे असल्याचं जाहीर केलं. सख्ख्या भावानं त्याला चारचौघांत नाकारलं. मैदानावरच्या टोमण्यांचं तर विचारूच नका. १९९८ साली, सदतीसाव्या वर्षी, त्यानं स्वतःला संपवलं. शेवटी शेवटी त्याच्यावर एक गंभीर आरोपही झाला होता, तेव्हा सगळं टोमण्यांच्या माथी मारता येणार नाही. पण त्याच्यानंतर तिथल्या दुसऱ्या एका खेळत्या व्यावसायिक पुरुष खेळाडूनं तसं उघड सांगायला २०२२ साल उजाडलं. ब्लॅकपूल क्लबचा जेक डॅनियल्स, सतरा वर्षांचा मुलगा. मधली जवळजवळ बत्तीस वर्षं इतक्या सगळ्या खेळाडूंत एकही नव्हता असं कोण मानेल? होते, आणि आमच्या पोरासारखे आत दचकत होते.

आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमाचा फास सोडवला, तो गुन्हा राहिला नाही. मणिपूरमध्ये इंफाळला ट्रान्सजेंडर खेळाडूंचा फुटबॉल संघ उभा राहिलाय. कोल्हापुरात इतक्या तालमी, इतके संघ, इतकं वेड, आणि आमचा पोरगा चिखलात मनसोक्त लोळायला सात समुद्र ओलांडून गेला. मला याचं वाईट वाटतं. तो सुखी आहे, तरी वाटतं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून त्याला डाव्या बाजूनं पळताना बघायचं आक्काचं राहून गेलं.

कोल्हापुरात असा क्लब निघेल का, मला माहीत नाही. मी काही काढायला निघालेली नाही. मी माझ्यापुरतं एवढंच ठरवलंय की स्वाध्यायानंतरच्या गप्पांत तसा विनोद झाला तर मी हसणार नाही. आणि कुणी विचारलंच, का गं गप्प, तर कारण सांगणार. अवघड जातं. परवाच एकदा गेलं. आपल्या त्या पाचजणींत कुणाच्या घरी काय आहे, कोण काय पोटात धरून बसलीये, आपल्याला कुठं माहीत असतं?

आक्का येत्या महिन्यात लंडनला निघालीय, पहिल्यांदाच. काल दुपारी तिचा फोन आला. मला वाटलं व्हिसाचं काहीतरी असेल. तर म्हणाली, "त्याच्या टीममधली पोरं मॅचनंतर काय खातात गं? दशम्या चालतील का त्यांना?" मी म्हटलं, मी गेले होते तेव्हा बसचालकानं चार खाल्ल्या होत्या, गुळाच्या. मग किती न्यायच्या, दुधात भिजवल्या तर किती दिवस टिकतील, तूप वेगळं द्यावं का, यावर आमचं अर्धा तास चाललं. अकरा खेळाडू आणि वर राखीव. पन्नास तरी लागतील.